कलप लावण्याआधी : केसांचा रंग वय कधी लपवतो, कधी वाढवतो

डोंबिवली-कल्याणहून सकाळच्या लोकलने मुंबईकडे जाणाऱ्या बायकांना एक गोष्ट चांगली ठाऊक असते. डब्यात बसायला जागा मिळाली, की समोर उभ्या असलेल्या बाईला आपला चेहरा कमी आणि भांग जास्त दिसतो. ठाणं येईपर्यंत तिची नजर तिथेच असते. खिडकीतून आलेल्या उन्हात काळ्याभोर केसांच्या मधोमध अर्ध्या बोटाची पांढरी रेघ चमकत असेल, तर आपल्या वयाचा हिशेब तिच्या मनात आपोआप होऊन जातो. गंमत अशी, की तिच्याच शेजारी उभ्या असलेल्या, सगळे केस पांढरे ठेवून नीटनेटका बॉब केलेल्या बाईचं वय विचारलं, तर पुष्कळदा ते चार वर्षं कमीच सांगितलं जातं.

पांढरा केस वय वाढवतो आणि काळा केस ते कमी करतो, हे गणित तिशीपर्यंत बऱ्यापैकी बरोबर येतं. चाळिशीनंतर ते चुकू लागतं आणि पन्नाशीनंतर कधी कधी उलटं होतं. केसांचा रंग चेहऱ्याशी, भुवयांशी, मुळांशी आणि डोक्याच्या त्वचेशी जुळला तर माणूस ताजातवाना दिसतो. जुळला नाही तर तोच रंग वय उघडं पाडतो. रंग लावायचा की नाही, लावायचा तर कोणता आणि त्यासाठी त्वचेला किती त्रास द्यायचा, हे ठरवताना ही जुळणी डोळ्यांसमोर ठेवावी.

नजर वय कसं ओळखते?

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डेन्मार्कमधल्या जुळ्या बहिणींच्या १०२ जोड्या आणि १६२ ब्रिटिश स्त्रिया यांचे चेहरे तपासले गेले. जुळ्या बहिणी ५९ ते ८१ वर्षांच्या होत्या, ब्रिटिश स्त्रिया ४५ ते ७५ वर्षांच्या. कोण आपल्या वयापेक्षा मोठी दिसते आणि कोण लहान, हे तीन गोष्टींवरून ठळकपणे ठरत होतं : त्वचेवरच्या सुरकुत्या, केसांचं पांढरेपण आणि ओठांची जाडी. म्हणजे पांढऱ्या केसांचा परिणाम होतो, हे खरंच आहे. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं, की केस पिकणं मुख्यतः आनुवंशिक असतं, तर केस विरळ होण्यावर राहणीमानाचा परिणाम जास्त असतो. आईचे केस पस्तिशीत पिकले असतील तर मुलीने स्वतःला दोष देण्याचं कारण नाही. केसांचा दाटपणा आणि पोत जपणं मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

दुसरी गोष्ट चेहऱ्यातल्या उठावाची. तरुणपणी भुवया, डोळे आणि ओठ आजूबाजूच्या त्वचेपेक्षा स्पष्ट उठून दिसतात. वय वाढतं तसा हा फरक पुसट होत जातो आणि पाहणारा त्यावरून वयाचा अंदाज बांधतो, असं २०१३ मधल्या एका संशोधनात आढळलं. पुढे वेगवेगळ्या देशांतल्या स्त्रियांच्या चेहऱ्यांवरही त्यातल्या बऱ्याच गोष्टी पडताळून पाहण्यात आल्या. यातून आपल्याला घेण्यासारखं काय? भुवया फिकट, ओठ फिकट आणि त्यांच्याभोवती डांबरासारखा काळा केस, अशी रचना झाली की चेहऱ्याचा उरलासुरला उठावही दबतो. नजर केसांवर जाते आणि चेहरा थकलेला वाटतो.

गडद काळा रंग का फसतो?

आपले केस ‘काळे’ असतात असं आपण म्हणतो, पण उन्हात धरून पाहा. बहुतेकांचे केस अतिशय गडद तपकिरी असतात आणि त्यात कमी-अधिक छटा असतात. कलपाचा काळा या सगळ्या छटा पुसून एकसारखा सपाट रंग देतो. नैसर्गिक केस असे सपाट कधीच नसतात, त्यामुळे ‘हा रंगवलेला केस आहे’ हे लांबूनही कळतं.

दुसरं कारण त्वचेचं. पन्नाशीनंतर डोळ्यांखालची काळसर झाक, नाकाशेजारच्या रेषा आणि कपाळावरच्या आठ्या ठळक होतात. शेजारी अगदी गडद रंग असला की या सावल्या आणखी गडद भासतात.

तिसरं कारण विरळ होणाऱ्या केसांचं. भांग रुंद झाला असेल, टाळूवरचे केस कमी झाले असतील, तर काळ्या केसांतून फिकट त्वचा लख्ख दिसते. त्याच ठिकाणी तपकिरी छटा असेल तर केस आणि त्वचा यांतला फरक कमी होतो आणि केस दाट भासतात.

चौथं कारण वाढीचं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. पूर्ण पांढऱ्या मुळांवर काळा रंग लावला, की तिसऱ्या आठवड्यात सीमारेषा दिसू लागते. तपकिरी छटेत ती रेघ बरीच सौम्य दिसते आणि आणखी एखाद-दोन आठवडे निभावून जातात.

खोक्यावरचा आकडा वाचायला शिका

ठाण्यात जांभळी नाक्याच्या घाऊक बाजारात घ्या, नाहीतर सोसायटीखालच्या मेडिकलमधून. क्रीम कलरच्या खोक्यावर एक आकडा असतो. साधारणपणे १ म्हणजे काळा, ३ म्हणजे गडद तपकिरी, ४ म्हणजे तपकिरी आणि ५ म्हणजे फिकट तपकिरी. आकडा वाढेल तसा रंग उजळ होत जातो. त्यानंतरचे आकडे लालसर, सोनेरी, राखाडी अशी झाक सांगतात. कंपनीगणिक यात थोडा फरक पडतो, म्हणून नावही वाचावं.

सावळ्या वर्णाला ३ ही छटा बहुधा शोभते. त्यात हलकी चॉकलेटी झाक असेल तर चेहरा उजळ वाटतो. गव्हाळ वर्णाला ३ आणि ४ च्या दरम्यान राहावं. गोऱ्या वर्णाला, त्यातही पंचावन्नच्या पुढे, ४ किंवा ५ चालेल. सोपा नियम असा : तरुणपणी तुमचे केस जितके काळे होते त्यापेक्षा एक-दोन पायऱ्या उजळ रंग निवडा. वयाबरोबर चेहऱ्याचा उठाव कमी झालेला असतो, केसांनीही तेवढंच मऊ व्हायला हवं.

बर्गंडी आणि लालसर छटांबाबत जरा जपून. खोक्यावरच्या फोटोतला रंग काळ्या केसांवर जेमतेम दिसतो, पण पांढऱ्या केसावर तोच रंग भडक लाल होतो. ज्यांचे निम्म्याहून जास्त केस पांढरे आहेत, त्यांच्या डोक्यावर मग लाल पट्टे उमटतात. शिवाय लाल झाक धुण्याबरोबर लवकर उतरते. लाल हवाच असेल तर तपकिरीत मिसळलेला घ्या.

वर्षानुवर्षं काळा कलप लावणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. काळ्या रंगावर तपकिरी रंग लावून केस तपकिरी होत नाहीत, कारण रंगाने रंग निघत नाही. अशांनी नव्या मुळांना तपकिरी छटा लावत जावं आणि जुनी काळी टोकं हळूहळू कापून टाकावीत, किंवा जाणकार पार्लरमध्ये जुना रंग उतरवून घ्यावा. घरी ब्लीच करण्याच्या फंदात पडू नये.

रंगाची निवड दिवसाच्या उजेडात करा. बाथरूमच्या पांढऱ्या एलईडीखाली सगळेच रंग फसवतात. सकाळी गॅलरीत आरसा घेऊन उभं राहा आणि केसांची एक बट कपाळावर ओढून पाहा. चेहरा टवटवीत दिसला तर ती छटा तुमची. आरशात आधी केसच दिसले तर छटा फार गडद किंवा फार भडक आहे.

किती पांढरे, त्यावर उपाय

चौथ्या हिश्श्यापेक्षा कमी केस पांढरे असतील, तर सगळं डोकं रंगवायची गरज नाही. कानशिलावर आणि भांगाजवळ तेवढाच रंग लावा, भांगाची जागा बदला, सरळ भांगाऐवजी किंचित वाकडा पाडा. पंचविशी-तिशीतल्यांनी तर शक्यतो थांबावं. एकदा सुरुवात झाली की दर महिन्याचं काम मागे लागतं.

निम्म्याच्या आसपास पांढरे असतील तर तपकिरी रंगाबरोबर मधल्या काही बटा उजळ ठेवून घ्या. पांढरे केस त्या उजळ बटांमध्ये मिसळून जातात आणि वाढलेली मुळं डोळ्यांत भरत नाहीत.

चारपैकी तीन हिश्श्यांपेक्षा जास्त पांढरे झाले असतील, तर मनाशी स्पष्ट निर्णय घ्या : फिकट तपकिरी रंग नियमित लावणार, की पांढरेच ठेवणार? दोन्ही चांगलं दिसतं. वाईट दिसतं ते मधलं. दोन महिने लावलं, दोन महिने विसरलं, लग्नाच्या आदल्या रात्री घाईने काळं फासलं.

लग्न, मुंज किंवा पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी रंग लावायचा असेल तर तो चार-पाच दिवस आधी लावा. कपाळावरचे डाग तोवर निघून जातात, एक-दोनदा केस धुतले गेले की रंगही नैसर्गिक वाटू लागतो.

मेंदीचं खरंखोटं

लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवलेली मेंदी आपल्याकडे अनेक घरांत आजही लागते. शुद्ध मेंदी केसांना चमक देते आणि बहुतेकांना सोसते. पण तिचा मूळ रंग केशरी. काळ्या केसांवर तो खुलतो, पांढऱ्या केसांवर नारिंगी होतो, आणि नारिंगी बटांनी वय कमी दिसत नाही. पांढरे केस जास्त असतील तर मेंदी धुतल्यावर दुसऱ्या टप्प्यात निळीच्या पानांची पावडर लावा. त्याने तपकिरी ते काळसर रंग येतो. ही पावडर वनस्पतीची असावी, कपड्यांची नीळ नव्हे.

‘काळी मेंदी’ म्हणून जी पाकिटं मिळतात त्यांच्याबाबत मात्र सावध राहा. मेंदीने केस एकदम काळे होत नाहीत. काळा रंग देणाऱ्या अशा पाकिटांत बहुधा पॅराफेनिलीनडायअमाइन, म्हणजे पीपीडी मिसळलेलं असतं. पाकिटावरची घटकांची यादी वाचल्याशिवाय ते घरात आणू नका.

पीपीडी आणि चोवीस तासांची चाचणी

१९०७ साली पॅरिसमध्ये यूजीन श्युलर या रसायनतज्ज्ञाने केसांचा कृत्रिम रंग बाजारात आणला. आजचे बहुतेक पक्के रंगही अशाच रसायनांवर चालतात : रंगाचे लहान रेणू केसात शिरतात आणि पेरॉक्साइडच्या क्रियेने एकमेकांशी जोडले जाऊन, मोठे होऊन आत अडकतात. डोंबिवली एमआयडीसीतल्या रंग-रसायनांच्या कारखान्यांत ज्यांनी नोकरी केली आहे, त्यांना ही रसायनं आणि त्यांची ताकद वेगळी सांगायला नको.

पीपीडीची ॲलर्जी कोणालाही, कधीही होऊ शकते. दहा वर्षं तोच कलप लावणाऱ्यालाही अकराव्या वर्षी होते. कानामागे आणि मानेवर खाज, कपाळावर पुरळ, पापण्या सुजून डोळे मिटणं ही तिची लक्षणं, आणि ती एक-दोन दिवसांनीही दिसू शकतात. काहींच्या कपाळावर आणि गालांवर काळसर डाग पडतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. तरुण दिसण्यासाठी लावलेला रंग चेहऱ्यालाच म्हातारं करतो तो असा.

म्हणूनच अशा रंगांच्या वेष्टनावर सावधगिरीची सूचना छापणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. चाचणी अशी करायची : कानामागची किंवा कोपराच्या आतली जागा साबणाने धुऊन कोरडी करा, तयार केलेल्या रंगाचा लहानसा थेंब तिथे लावा, वाळू द्या आणि चोवीस तासांनी धुवा. खाज, लाली, सूज आली तर तो रंग वापरू नका. त्वचारोगतज्ज्ञ आणखी एक दिवस थांबायला सांगतात, ते शहाणपणाचं. ही चाचणी प्रत्येक वेळी करायची आहे. भुवया आणि पापण्यांना हा रंग कधीही लावायचा नाही, त्याने दृष्टी जाऊ शकते. ‘अमोनियारहित’ लिहिलं असलं तरी त्यात पीपीडी असू शकतं, हेही ध्यानात ठेवा.

रंग लावताना हातमोजे घाला. कपाळाच्या कडेला आणि कानांवर व्हॅसलिन लावा. भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं घ्या, धातूचं नको. डोक्यावर ओरखडा, पुरळ असेल तर पुढे ढकला. जिथे पांढरे केस जास्त, तिथून सुरुवात करा. दर वेळी पूर्ण लांबीला रंग लावू नका. फक्त मुळांना लावा, नाहीतर टोकं काळी आणि कोरडी होत जातात. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवल्याने रंग जास्त बसत नाही. उरलेला कालवलेला रंग साठवू नका आणि पाकिटं मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा.

घरगुती पार्लर चालवणाऱ्या भगिनींसाठी एक आवर्जून सांगणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्वतःपुरता रंग लावणाऱ्यांबाबत ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नसल्याचं म्हटलं आहे, पण रोज इतरांचे केस रंगवणाऱ्यांचं काम तिने ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवलं आहे. खिडकी उघडी ठेवणं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे हातमोजे वापरणं, यात काटकसर करू नका.

पुरुषांसाठी

सलूनमध्ये दाढीबरोबर मिशांवरही कलप फिरवून घ्यायची अनेकांची सवय असते. ओठांवरची त्वचा नाजूक, त्यात नुकतंच ब्लेड फिरलेलं. ॲलर्जीला यापेक्षा सोपी वाट नाही. दाढी आणि कलप एकाच दिवशी करू नका. दिसण्याच्या दृष्टीनेही मिशा डोक्यापेक्षा एक छटा उजळ असाव्यात. काळीकुट्ट मिशी सुरकुतलेल्या चेहऱ्यावर चिकटवल्यासारखी दिसते आणि आठवड्यात तिचे खुंट पांढरे डोकावू लागतात.

कल्ले थोडे पांढरे राहू द्या. कानशिलावर करडेपणा असला की वरचा तपकिरी रंग नैसर्गिक वाटतो. टक्कल पडू लागलं असेल तर उरलेले केस काळे करून फारसं साधत नाही. ते बारीक कापा. १९६५ साली जन्मलेला मिलिंद सोमण पिकलेल्या केस-दाढीसह इतका तरतरीत का दिसतो, याचं उत्तर त्याच्या अंगकाठीत, ताठ चालण्यात आणि नीट कापलेल्या केसांत आहे.

पाणी, घाम आणि तेल

घोडबंदर रोडवरच्या अनेक संकुलांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं. जड पाण्याने रंगवलेले केस राठ आणि निस्तेज होतात, पांढऱ्या केसांवर पिवळट झाक चढते. शेवटचं एक तांब्या पाणी तरी फिल्टरचं किंवा पालिकेच्या नळाचं घ्या. रंग लावल्यावर दोन दिवस शाम्पू नको, आणि नंतरही आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात घामाबरोबर ताजा रंग कॉलरवर उतरतो, म्हणून तो सुट्टीच्या आदल्या दिवशी लावा.

धुण्याआधी खोबरेल तेल लावण्याची आजीची पद्धत सोडू नका. मुंबईतल्याच संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेलाने केसांतल्या प्रथिनांची झीज कमी होते असं आढळलं. सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांचा तसा परिणाम दिसला नाही. चमकणारा केस कोणत्याही रंगात तरुण दिसतो.

पांढरेच ठेवायचे असतील तर

निर्णय झाला की आधी केस आखूड करा. खांद्यापर्यंतचे केस पूर्ण आपल्या रंगाचे व्हायला दोन वर्षांहून जास्त काळ लागू शकतो. मानेपर्यंत कापले तर तो बराच कमी होतो. मधल्या काळात पार्लरमध्ये काही बटा उजळ करून घेतल्या की सीमारेषा विरघळते. पिवळेपणासाठी पंधरवड्यातून एकदा जांभळा शाम्पू वापरा.

पांढऱ्या केसांबरोबर चेहऱ्याचा उठाव परत आणणं महत्त्वाचं. भुवया पेन्सिलने हलक्या भरा, काजळाची रेघ, ओठांना रंग, ठसठशीत टिकली. फिकट बदामी आणि राखाडी साड्यांऐवजी मोरपंखी, जांभळा, गडद लाल, गर्द निळा असे रंग घाला.

आणि केस पंचविशीच्या आतच पिकू लागले असतील, तर रंगाच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जा. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे विकार, रक्तातलं लोह कमी होणं यांच्याशी त्याचा संबंध असू शकतो. शाकाहारी घरांत ब-१२ कमी असणं नेहमीचं आहे आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं. धूम्रपानाशीही अकाली केस पिकण्याचा संबंध आढळला आहे. एखाद्याच ठिकाणी केसांचा पुंजका अचानक पांढरा झाला, तरी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयातही हा सल्ला मिळतो.

केस रंगवणं ही हौस आहे आणि ती जरूर करावी. फक्त पुढच्या वेळी पाकीट उघडण्याआधी तीन गोष्टी करा : छटा काळ्याऐवजी एक पायरी उजळ निवडा, चोवीस तासांची चाचणी घ्या, आणि ‘हे मला हवंय, की शेजारीण काय म्हणेल म्हणून करतेय?’ असं स्वतःला एकदा विचारा. उत्तर ‘मला हवंय’ असेल तर मनासारखा रंग लावा. नसेल तर पांढऱ्या केसांनिशी बिनधास्त बाहेर पडा. वय दिसलं म्हणून कोणाचं काही अडत नाही.